धारेच्या अलीकडचं पाणी

आमच्या गावात नदीवर मजा करायला कुणीच जात नसे. जायचे सगळेच, पण मजा करायला नव्हे. पुरुष अंघोळीला म्हणून जात आणि दुपारी परत येत. बायका धुणं घेऊन जात आणि चार लुगड्यांना त्यांना अर्धा दिवस लागे. म्हशी धुवायला गेलेले गडी म्हशींपेक्षा जास्त वेळ पाण्यात असत. हिवाळ्यात कधीमधी कारंज्याची दुकानदार जैन मंडळी जीप करून सहकुटुंब यायची, वाळूवर सतरंजी अंथरायची, दिवस मावळायच्या आत जेवून-आवरून निघायची, आणि विचारलंच तर सरळ सांगायची की सहलीला आलो होतो. त्या निर्लज्जपणाचं आम्हाला फार नवल वाटे. काम नसताना नदीवर यायचं, आणि वर ते कबूल करायचं.

आमच्याकडं करमणुकीला देव लागायचा. म्हणून रोडग्याचा नवस होता. पौषात, कापसाचा पहिला-दुसरा वेचा घरात आला की एका रविवारी अख्खा गाव अडाण नदीच्या डोहावर जायचा. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडून त्यावर तूप ओतायचं, आणि वरण नि वांग्याच्या भाजीबरोबर पळसाच्या पत्रावळीवर हाणायचे. पहिला रोडगा डोहातल्या आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवींना. उरलेले आपल्याला. हा नवस कुणी बोललं होतं आणि कशासाठी, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो फेडून संपत नव्हता एवढं खरं. समोरच्या काठावर दुसरं गाव होतं आणि त्यांचाही असाच एक नवस होता, त्याच डोहाचा आणि त्याच रविवारी. मध्ये नदीची धार, अलीकडं आमचा धूर, पलीकडं त्यांचा.

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. आज आमचा जिल्हा वाशीम, तेव्हा तो अकोला होता. आमचं गाव इंझोरीपासून बैलगाडीनं सकाळी निघालं तर दुपारपर्यंत येईल असं होतं, अर्थात बैलांची मर्जी असेल तर.

माझ्या बाबांना डोहाचं वेड होतं. एरवी ते फार नेमाचे होते. कुठल्या वारी काय पेरायचं, कुणाच्या घरी कुठल्या हातानं पान घ्यायचं, सगळ्याचा त्यांच्यापाशी नियम असे. पण पाण्यात उतरले की पोरगे व्हायचे. त्यांचा जोडीदार समोरच्या गावचा. दोघे लहानपणी या डोहात पोहायला शिकले, आणि पुढं मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी त्यांचा एक खेळ सुटला नाही. बुडी मारायची आणि तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं. ज्याच्या मुठीत गाळ नाही त्यानं दुसऱ्याला पानतंबाखू द्यायची. मग दोघे पाण्यावर उताणे पडून तासनतास गप्पा मारत. "काबे, भाव काय लागला कारंज्याले?" "तुया कापसाले कोन पुसते लेका?" काठावरून ऐकणाऱ्याला वाटावं, दोन भोपळे भांडताहेत.

असेच उताणे पडले असताना त्यांनी माझ्या ताईचं लग्न ठरवलं. बाबांच्या मित्राचा मुलगा शेती करणारा, शांत, निर्व्यसनी होता. ताईसाठी आसेगावकडची दोन स्थळं येऊन गेली होती, पण बाबांना लेक डोळ्यांसमोर हवी होती. आणि खरं सांगायचं तर दोघांना एकमेकांच्या घरी जायला हक्काचं निमित्त हवं होतं. मैत्रीचं नातं व्हावं, म्हणजे ती आणखी घट्ट होईल, असा त्यांचा हिशेब. घरी येऊन बाबांनी आईला सांगितलं तेव्हा त्यांचे केस अजून ओले होते. आई म्हणाली, "पान्यात ठरवलं, आता कोरड्यात निभवा."

आईचं खरं झालं. लग्नाच्या दिवशी दोघे मित्र एकमेकांचे इवाई झाले. इवाई म्हणजे व्याही. आणि आमच्याकडं इवायाशी वागायचे जेवढे नियम आहेत तेवढे सरकारचेही नसतील. कालपर्यंतचं 'काबे' गेलं, 'तुमी जी' आलं. ते आमच्या घरी आले की टॉवेल-टोपी, नारळ, पाट, उदबत्ती. त्यांना आवडायची ती तिखट चटणी आई वाढेना, कारण इवायाच्या ताटात गोड पाहिजे. डोहावरसुद्धा निभेना. पाण्यात आधी कोणी उतरायचं? "तुमी उतरा जी." "छ्या, मान तुमचा." पौषाच्या थंडीत दोन उघडे म्हातारे काठावर कुडकुडत एकमेकांना मान देत उभे राहत, आणि शेवटी दोघेही अंघोळ न करताच घरी जात. इवायाच्या देखत तळाचा गाळ काढणं तर सुटलंच.

पण खरी गोम जेवणाची होती. लेकीची कूस उजवेपर्यंत, म्हणजे तिला मूल होईपर्यंत, बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, हा रिवाज पुष्कळ ठिकाणी आहे. बाकीचे लोक तो घरापुरता पाळत. बाबांनी तो गावापुरता केला. लेकीच्या गावचा घास नाही की पाण्याचा घोट नाही. ते पलीकडं जायचे ते तांब्यात आमच्या विहिरीचं पाणी घेऊन, वर फडकं बांधून. ताईच्या ओसरीवर बसायचे, तहान लागली की आपलं फडकं सोडायचे. तांब्या संपला तर उठून नदीपर्यंत यायचे, धार ओलांडायचे, आणि अलीकडच्या कडेला वाकून पाणी प्यायचे. वरच्या अंगाला त्याच पाण्यात इवायांची म्हैस बसलेली असे. ते चालायचं, कारण बाबा आपल्या बाजूला उभे असायचे.

ते गमतीनं असं करत नव्हते. त्यांचा विश्वास होता की नियम मोडला तर लेकीला भोवेल. तो तांब्या म्हणजे त्यांचं तप होतं. लग्नाला पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं, ताईकडं काही नाही, तसे बाबा अधिक कडक झाले. तिच्या गावच्या रस्त्यावर त्यांनी बोरसुद्धा तोंडात टाकलं नसतं.

ताईची गोष्ट मला धुण्याच्या दगडावर कळली. ती तिच्या काठावर धुवायची, मी माझ्या. धार बारीक असायची तेव्हा आम्हा बहिणींना आवाजही चढवावा लागत नसे. तिची सासू पूर्वीच वारली होती, सासरे तिला लेकीसारखं वागवत, नवरा तर कुणाला चढ्या आवाजात बोलल्याचंच मला आठवत नाही. घरात तिला काही त्रास नव्हता. घराच्या भिंतीवर मात्र सरकारी माणसांनी कुटुंब लहान ठेवा म्हणून मोठा लाल त्रिकोण रंगवून ठेवला होता, आणि त्यांच्या गावच्या बाया पाण्याला जाता-येता तो वाचल्यासारखं करून हसायच्या. वाचता त्यातल्या एकीलाही येत नव्हतं.

"थे त्रिकोनाचं जाऊ दे," ताई एकदा लुगडं आपटत म्हणाली. "बाबाचा तांब्या पाह्यला का तू? थे बैठकीत फडकं सोडतात ना, तव्हा सारं गाव माह्याकडं पाह्यते. म्या कोनाले सांगत नाही, माहे सासरे सांगत नाहीत, पन बाबाचा तांब्या घरोघर सांगत फिरते का हिले अजून लेकरू नाही."

मी आईला हे सांगितलं. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "तुया बापाले कोन सांगन? थ्याले वाटते थो लेकीसाठी करून राह्यला." आणि विषय तिथंच राहिला, कारण बाबांना सांगायचं म्हणजे त्यांचं प्रेमच चुकीचं आहे असं सांगायचं होतं. ते धाडस आमच्या घरात कुणात नव्हतं, माझ्यातही नव्हतं.

ताईच्या लग्नाला तिसरा पावसाळा आला आणि अडाणला मोठा पूर गेला. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर नदीनं आपली जागा बदललेली. आमच्या बाजूच्या दरडीला घासून तिनं नवी धार काढली होती, आणि जुनी धार पलीकडं नुसती डबक्या-डबक्यांनी उरली होती. मधला वाळूचा पट्टा, जिथं वर्षानुवर्षं आमचे रोडगे भाजले गेले, तो आता धारेच्या पलीकडं गेला होता. यावर गावात पारावर चर्चा झाली ती फक्त डोह किती खोल झाला असेल याची.

पौषातला रविवार आला. गाड्या काठाला सोडून आम्ही गुडघाभर पाण्यातून पलीकडं गेलो, आणि नेहमीच्या वाळूवर नेहमीच्या जागी गोवऱ्या रचल्या. कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही, कारण रोडग्याची जागा ती रोडग्याची जागा. बाबांनी दरवर्षीसारखा वाळूत हातानं खड्डा करून झिरा काढला. गढूळ पाणी उपसून टाकलं, स्वच्छ पाणी पाझरू दिलं, आणि ओंजळीनं पोटभर प्याले. वर म्हणाले, "यंदा गोड हाये पानी."

थोड्या वेळानं इवाई आले. त्यांच्या गावची चूल यंदा हाकेच्या अंतरावर होती. त्यांनी रामराम केला, बाबांनी केला, आणि मग बाबांची नजर त्यांच्या पायांवर गेली. दरवर्षी इवाई धार ओलांडून यायचे, धोतर वर खोचलेलं, पिंढऱ्या ओल्या. यंदा त्यांचे पाय कोरडे होते. बाबांनी स्वतःच्या पायांकडं पाहिलं. ते ओले होते.

मी बाबांना पुरात पाहिलंय, आगीत पाहिलंय, पण असं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी झिऱ्याकडं पाहिलं, मग ओंजळीकडं. आपण लेकीच्या गावचं पाणी प्यालो, तेही गोड म्हणून.

माणूस सापडला की कायदा आठवतो. बाबांनी हात झटकले आणि मोठ्यानं म्हणाले, "नदी सरकली म्हनून शीव सरकत नसते. शीव जुन्या धारंची. हे वाळू आमच्या गावची हाये."

इवायांचा चेहरा आधी फुलला होता तो पडला. त्यांनी काही वेगळंच मनात धरलं होतं. तीन वर्षं ज्या माणसाला पाण्याचा पेला देता आला नाही तो आज नदीनं आपण होऊन आपल्या दारात आणून बसवला, असं त्यांना वाटलं होतं. ते म्हणाले, "धार म्हंजे वाह्यते थे. डबक्याले कोनी धार म्हनत नाही जी. हे वाळू आमची, तुमी आमचे पाव्हने."

"पाव्हने तुमी. आमच्या वाळूवर उभे हाये तुमी."

"मी कोरड्या पायानं आलो. पाव्हना कोरड्या पायानं येते का?"

त्या वाळूत कुत्रंही काही पेरणार नव्हतं. पण दोन्ही गावचे जाणते उठून आले. एकानं तलाठ्याच्या नकाशाची आठवण काढली, दुसऱ्यानं आजोबांच्या वेळच्या बाभळीची, जी त्या आधीच्या पुरात वाहून गेली होती. एकानं झिऱ्याचं पाणी कोणत्या बाजूनं पाझरतं ते कान लावून ऐकलं. दोन माणसांना एकमेकांच्या पंगतीला बसायचं होतं, आणि त्यासाठी दोन गावं भांडायच्या बेतात आली. बाबा जिंकले तर इवाई पाहुणे, मग टॉवेल-टोपी पाहिजे, आणि ती नदीवर कोण आणतो? इवाई जिंकले तर बाबा उपाशी, आणि प्यालेलं पाणी पोटात. आरातले रोडगे काळे पडायला लागले. दोन्हीकडच्या बाया पत्रावळी मांडून बसून राहिल्या, कारण मान्यवर बसल्याशिवाय कुणी बसत नसतं.

तेवढ्यात ताई तिच्या चुलीवरून उठली. तिच्या हातात पत्रावळ होती, तिच्यावर फोडलेला रोडगा, तुपानं भिजलेला. ती त्या सगळ्या पुरुषांमधून वाट काढत आली. सासऱ्यांसमोर ती डोक्यावरून पदर कधी ढळू देत नसे, त्या दिवशीही ढळला नव्हता. बाबांच्या समोर वाळूवर तिनं पत्रावळ ठेवली.

"जेवा बाबा," ती म्हणाली.

"बाई, ठरू दे आधी. माह्या हातून तुले काही भोवलं तं—"

"मले काय भोवाचं थे भोवून राह्यलं." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "तुमी माह्या घरी येता, फडकं सोडता, आपलं पानी पेता. तुमाले वाटते तुमी माह्यासाठी उपाशी राह्यता. पन बाबा, तुमचा थो तांब्या दर खेपेले साऱ्या गावाले सांगते का मी वांझ हाओ. दुसऱ्या कोनाले एवढ्या येळा सांगाची हिंमत नाही झाली."

इवायांनी तोंड फिरवलं. तलाठ्याचा नकाशा आठवणारा माणूस वाळूत काठीनं रेघा काढत होता, त्यानं काठी खाली ठेवली. मला वाटलं बाबा आता उठून चालायला लागतील, कारण त्यांना आजवर असं तोंडावर कुणी बोललंच नव्हतं. आई माझ्या शेजारी उभी होती. ती पुटपुटली, "खाय रे बाप्पा." नवऱ्याला अरे म्हणताना मी तिला तेवढंच एकदा ऐकलं.

बाबा खाली बसले. त्यांनी रोडग्याचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. खालच्या अंगाला जळालेला होता, त्याचा कुरकुर आवाज आला. ते चावत राहिले. मग म्हणाले, "तूप कमी हाये," आणि ताईनं वाटी उपडी केली.

इवाई लगोलग त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. कुणाची वाळू, कोण पाहुणा, कुणी विचारलं नाही. पंगती बसल्या, दोन्ही गावांच्या एकत्रच, कारण वेगळ्या मांडायला आता कुणाच्या पोटात दम नव्हता. सगळं छान झालं असं म्हणून इथं थांबता आलं असतं. पण गाव म्हणजे गाव. पंगतीच्या टोकाला ताईच्या गावची एक म्हातारी होती, ऐकायला कमी यायचं म्हणून सगळं मोठ्यानं बोलणारी. तिनं शेजारणीला विचारलं, बाप जेवला का? शेजारणीनं मान हलवली. म्हातारी म्हणाली, "म्हंजे बापानं बी आस सोडली माय."

सगळी पंगत ऐकत होती. ताईचा वाढणारा हात तिथंच थांबला. मला त्या म्हातारीला वरणाच्या पातेल्यात घालावंसं वाटलं. नियम पाळला तर वांझपणाची दवंडी, मोडला तर शिक्कामोर्तब. बाईच्या बाबतीत लोकांनी कुठलीही वाट धरली तरी ती तिला बोल लावण्यापाशीच पोचते.

बाबांनी घास गिळला. त्यांनी ऐकलं होतं, मानेवरून कळत होतं. त्यांनी ताईसमोर पत्रावळ सरकवली आणि आणखी एक रोडगा मागितला. मग इवायांकडं न पाहता, पण टोकाच्या म्हातारीलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "उद्या घरी येतो मी. जेवाले."

इवाई म्हणाले, "घर तुमचंच हाये बे." तीन वर्षांनी तो 'बे' त्यांच्या तोंडून निसटला.

ताईनं रोडगा फोडला, तूप घातलं. "उद्या सकाळीच या बाबा," ती म्हणाली. "बाया पान्याले निंगतात थ्या वक्ताले."

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. मलाही सोबत नेलं. तांब्या घेतला नाही. ताईच्या घरी जायला मागची पायवाट जवळची होती, पण ते विहिरीवरच्या रस्त्यानं गेले, आणि रस्त्यानंच गेले एवढं नाही, विहिरीपाशी थांबले. बाया घागरी भरत होत्या. त्यांतल्या एकीनं पदर तोंडाशी धरून विचारलं, "काहून जी पाटीलबाबा, आज सकायीच? नातू आला का?"

"नाही आला," बाबा म्हणाले. "लेक हाये ना थ्या घरी. तिच्या इथं जेवाले चाल्लो." मग तिच्याच घागरीखाली त्यांनी ओंजळ धरली. त्या बाईला काय करावं कळेना, पण पाणी मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तिनं घागर कलंडवली, आणि बाबा सगळ्या बायांदेखत त्या गावचं पाणी प्याले.

ताईला मूल झालं नाही. बाबा तिच्याकडं जेवत राहिले.